कॉपियरची डीलरशिप कोणत्या कंपनीची घ्यावी?

कंपनीचा माणूस स्कीमचा कागद घेऊन दुकानाची पायरी चढण्याआधी आपल्या तालुक्यातली मशीनं बघून या. तहसील कचेरीबाहेरची झेरॉक्सची दुकानं, कोर्टासमोरचे टायपिंगवाले, पतसंस्था, बाजार समितीतले अडत्यांचे गाळे, हॉस्पिटलची बिलिंग काउंटरं, साखर कारखान्याचं शेतकी ऑफिस, सगळीकडे जा. वहीत लिहा: मशीन कोणत्या कंपनीचं, मॉडेल कोणतं, महिन्याला अंदाजे किती कॉपी निघतात, बंद पडलं तर फोन कुणाला जातो आणि तो माणूस किती वेळात येतो. शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि बोलायला लागतो. डीलरशिपचा निम्मा निर्णय त्या बोलण्यात असतो.

मी सांगलीत हा धंदा करतो. आधी सर्व्हिस इंजिनिअर म्हणून बॅग खांद्याला लावून जिल्हा फिरलो आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. त्यामुळे कुठलंही मशीन मी आधी मागचं झाकण उघडून बघतो. तासगाव, विटा, इस्लामपूरकडची तरुण मुलं विचारायला येतात, ‘दादा, कॅनन घेऊ का क्योसेरा? कोनिका मिनोल्टा चालेल का? शार्पवाले मार्जिन जास्त देतायत.’ मी त्यांना तीच वही करायला सांगतो. बहुतेकांना ते काम कमीपणाचं वाटतं. पण ज्याने ती वही केली त्याला कंपनीच्या माणसासमोर बसल्यावर काय विचारायचं ते आपोआप कळतं.

पैसा मशीनवर नाही, मीटरवर आहे

ए-३ चं मिनिटाला २०-२५ कॉपी काढणारं साधं मशीन विकलं की त्यावर जे सुटायचं ते एकदाच सुटतं. शेजारच्या डीलरने रेट पाडला की तेही अर्ध्यावर येतं. पण ते मशीन पुढची पाच-सहा वर्षं रोज चालणार असतं, टोनर आणि ड्रम (ज्याच्यावर कॉपीचं चित्र उमटतं तो गोल भाग) खाणार असतं. तुमचं दुकान त्या मीटरवर, म्हणजे निघालेल्या कॉपींच्या मोजणीवर, उभं राहतं. म्हणून ब्रँड निवडताना पहिला हिशोब एका कॉपीला खर्च किती येतो याचा करायचा आणि तो कंपनीच्या ब्रोशरवरून करायचा नाही.

कंपन्या टोनरचं आयुष्य लिहितात ते बहुधा ए-४ कागदावर ५ किंवा ६ टक्के काळेपणा धरून. आपल्याकडच्या झेरॉक्स दुकानात असं पान क्वचितच येतं. पुस्तकाची कॉपी काढताना कडेने काळा पट्टा येतो, जुन्या खरेदीखताची पिवळी पडलेली पानं राखाडी निघतात, आधार कार्डावरचा फोटो गडद येतो, मार्कशीटची नक्षी उमटते. टोनर त्याच्या दीडपट, कधी दुप्पटही जातो.

एक उदाहरण आकडे धरून करू. टोनरची किंमत ३,००० रुपये आणि त्यावर लिहिलंय १५,००० कॉपी, ६ टक्क्यांना. तुमच्या दुकानदाराकडे काळेपणा ९ टक्के धरला तर निघतील १०,००० कॉपी. म्हणजे टोनर २० पैशांचा नाही, ३० पैशांचा झाला. ड्रम ९,००० रुपयांचा, चालतो ६०,०००, म्हणजे १५ पैसे. डेव्हलपर, म्हणजे टोनरला ड्रमपर्यंत नेणारी पूड, ३,००० चा, तोही ६०,००० ला, ५ पैसे. टोनर तापवून कागदावर पक्का करणारा फ्यूजर, कागद उचलणारा पिकअप रोलर, ड्रम पुसणारं ब्लेड असं सगळं मिळून १,२०,००० कॉपींना १२,००० रुपये धरा, १० पैसे. झाले ६० पैसे. त्यात तुमच्या सर्व्हिसच्या मुलाची गाडी, पेट्रोल, पगार. एका फेरीला ३०० रुपये पडतात आणि दर ५,००० कॉपींना एक फेरी होते असं धरलं तर आणखी ६ पैसे. एकूण ६६. आता पलीकडचा डीलर पतसंस्थेला कागदाशिवाय ‘ऑल इन ५५ पैसे’ कोटेशन देऊन बसला असेल तर त्याच मशीनवर तुम्ही त्याच्याशी भिडायचं नाही. एक तर त्याला टोनर स्वस्त पडतो, नाहीतर त्याने हा हिशोब केलेला नाही.

आता दुसऱ्या कंपनीचं मशीन घ्या, ग्राहकाला १५,००० रुपयांनी महाग, पण ज्याचा ड्रम आणि फ्यूजर लांब चालतो आणि एकूण खर्च १० पैशांनी कमी येतो. महिन्याला १०,००० कॉपी काढणाऱ्या एका मशीनमागे वर्षाला १२,००० रुपये वाचले. अशी ४० मशीनं तुमच्या करारात असतील तर वर्षाला ४ लाख ८० हजार. स्कीममध्ये मिळणारं मिक्सर, बँकॉकची ट्रिप, तिमाहीचा जादा टक्का हे सगळं या आकड्याशेजारी ठेवून बघा.

हा कागद प्रत्येक ब्रँडचा वेगळा करा. टोनर, ड्रम, डेव्हलपर, फ्यूजर यांचे डीलर दर लेखी मागा, तेही जीएसटीसकट. ‘मशीनचे रेट आत्ता देतो, स्पेअरचे नंतर पाठवतो’ असं जो म्हणेल त्याच्याकडे पुढे जाऊ नका. स्पेअरची प्राइस लिस्ट ज्याला दाखवावीशी वाटत नाही त्याला धंदा तिथेच करायचा असतो.

क्योसेराचं नाव लांब चालणाऱ्या भागांवर झालं. त्यांची इकोसिस मालिका १९९२ साली आली ती याच विचाराने, कडक अमॉर्फस सिलिकॉनचा ड्रम लावायचा आणि फक्त टोनर बदलत राहायचा. पण म्हणून त्यांच्या प्रत्येक मॉडेलात तोच ड्रम आहे असं गृहीत धरू नका. जे मॉडेल विकणार आहात त्याचा ड्रम कोणता आणि किती कॉपींचा, हे मॉडेलचं नाव घालून विचारा. हेच सगळ्या कंपन्यांना लागू. ब्रँडचा लौकिक वरच्या मशीनवर झालेला असतो आणि तुम्ही विकणार असता सगळ्यात खालचं.

सुटा भाग किती लांबून येतो

आमच्या जिल्ह्यात शिराळ्याला धो धो पाऊस आणि जत-आटपाडीला फुफाटा. एकीकडे ओल्या कागदाने जॅम होतो, दुसरीकडे धुळीने रोलर गुळगुळीत होतात. दोन्हीकडे मशीन बंद पडणार हे ठरलेलंच आहे. प्रश्न एवढाच की सुटा भाग कुठून आणि कधी येणार.

कंपनीला विचारा, स्पेअरचं गोडाऊन कुठे आहे? पुण्यात असेल तर संध्याकाळी ट्रॅव्हल्सला पार्सल टाकलं की सकाळी सांगलीत हातात पडतं. भिवंडीत असेल तर एक-दोन दिवस धरा. दिल्ली किंवा चेन्नईत असेल तर आठवडा धरा आणि त्या आठवड्यात ग्राहकाकडे बदली मशीन द्यायची तयारी ठेवा. नुसतं विचारून थांबू नका. ज्या डीलरकडे तो ब्रँड आधीपासून आहे अशा दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला गाठा, सातारा किंवा सोलापूरच्या. त्याला तुमची स्पर्धा वाटत नाही, तो खरं सांगतो. विचारा, शेवटचा फ्यूजर मागवला तो किती दिवसांनी आला? वॉरंटीतला मदरबोर्ड कंपनीने बदलून दिला तेव्हा जुना पाठवल्यावर आला का आधी आला? हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. जुना भाग आधी पाठवा, तो तपासू, मग नवा देऊ, असं जिथे चालतं तिथे मशीन पंधरा दिवस उभं राहतं.

जून महिना डोळ्यांसमोर आणा. ॲडमिशनचे दिवस आहेत, तहसीलच्या बाहेर उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रीमीलेअरसाठी रांग लागलीय. दुकानात एकटी बाई, एक मशीन आणि काउंटरवर कागद पुढे करणारे पंधरा हात. अकरा वाजता फ्यूजरचा एरर येतो. तिच्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा या पाच-सहा आठवड्यांत होतो आणि तुम्ही तिला ‘ताई, पार्ट मागवलाय’ सांगणार. तिने हप्त्यावर मशीन घेतलंय ते तुमच्या शब्दावर. ब्रँड निवडताना मला नेहमी हेच दुकान दिसतं. मोठ्या ऑफिसात एक मशीन बंद पडलं तर दुसऱ्या मजल्यावर दुसरं असतं. इथे नसतं.

एररवरून आठवलं. फ्यूजरच्या तापमानात बिघाड झाला की कॅननवर ई०००, क्योसेरावर सी६००० दिसतं, रिकोहवर एससी लावून आकडा येतो. असे काही कोड मशीन बंद-चालू करून जात नाहीत, सर्व्हिस मोडमध्ये शिरून घालवावे लागतात. तेव्हा कंपनी तुमच्या इंजिनिअरला सर्व्हिस मॅन्युअल आणि ट्रेनिंग देते का, ट्रेनिंग पुण्यात होतं का मुंबईत, राहण्याचा खर्च कुणाचा आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला तर दुसऱ्याला पुन्हा फुकट शिकवतात का, हे सगळं विचारून घ्या. मुलं सोडून जातातच. इंजिनिअर तयार व्हायला वर्ष जातं आणि तयार झाला की कोल्हापूरच्या एमआयडीसीत त्याला जास्त पगार मिळतो. ज्या ब्रँडचं काम येणारे चार मेकॅनिक गावात आधीच आहेत तो ब्रँड त्या दिवशी तुम्हाला तारतो. तुमच्या वहीत हे मेकॅनिकही लिहिलेले असले पाहिजेत.

जपानमधली कंपनी वेगळी, भारतातली वेगळी

मशीनवरचं नाव जगभर एक असतं, पण तुमचं बिल जी कंपनी फाडते ती वेगळी असू शकते. ती तपासा. रिकोहचं उदाहरण या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. मशीन जगात नावाजलेलं, पण रिकोह इंडिया या इथल्या कंपनीचे हिशोब बिघडले, २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, २०१९ मध्ये तिचा तोडगा मंजूर झाला आणि आता ती मिनोशा इंडिया या नावाने रिकोहचीच मशीनं विकते. मशीनमध्ये खोट नव्हती. पण अशा वेळी डीलरची क्रेडिट नोट, वॉरंटीचे क्लेम आणि सिक्युरिटी डिपॉझिट कुठे अडकतं, याचा विचार आधी करून ठेवावा लागतो. म्हणून कंपनी निवडताना तिचा ताळेबंद चार्टर्ड अकाउंटंटला दाखवा. कंपनी कायद्याखाली तो सरकारदरबारी भरलेला असतो, थोड्या फीमध्ये मिळतो.

मालकीची उलथापालथही या धंद्यात जुनीच आहे. मिता कंपनी अडचणीत आली आणि २००० मध्ये क्योसेराकडे गेली. कोनिका आणि मिनोल्टा २००३ मध्ये एक झाल्या. सॅमसंगचा प्रिंटरचा धंदा एचपीने २०१७ मध्ये घेतला. रिकोह आणि तोशिबा टेक यांनी २०२४ मध्ये मशीनं बनवण्यासाठी एकत्र कंपनी काढली. झेरॉक्स कंपनीने २०२५ मध्ये लेक्समार्क विकत घेतली. प्रत्येक वेळी कुणाचं तरी जुनं मॉडेल बंद होतं आणि त्याचे सुटे भाग दुर्मीळ होतात. म्हणून मी एक प्रश्न नेहमी लेखी विचारतो: हे मॉडेल बंद झाल्यावर पुढे किती वर्षं तुम्ही स्पेअर द्याल? उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी उत्तर देणारा सेल्सचा माणूस दोन वर्षांत दुसऱ्या कंपनीत असतो, बरेचदा तुमच्याच स्पर्धक ब्रँडमध्ये.

डेमो मशीन उघडून बघा

कंपनीच्या शोरूममध्ये गेलात की त्यांचा चकचकीत नमुना बाजूला ठेवा. आपलं गाठोडं घेऊन जा. माझ्या गाठोड्यात असतं ते सांगतो: हिरवा लेजर पेपर, संगणकीय सातबारा, घडीवर फाटलेलं जुनं खरेदीखत, सिटी सर्व्हेचा ए-३ नकाशा, शिवलेलं पासबुक, आधार कार्ड आणि एक अर्ज, ज्यावर निळ्या शाईची फिकट सही आणि जांभळा गोल शिक्का आहे. ती सही आणि तो शिक्का नेहमीच्या सेटिंगवर, डार्कनेस न वाढवता, वाचता आला पाहिजे. कचेरीत ‘सही दिसत नाही’ म्हणून कागद परत आला की माणूस आधी झेरॉक्सवाल्याशी भांडतो आणि झेरॉक्सवाला तुमच्याशी.

आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका कागदावर काढायला किती बटणं दाबावी लागतात ते मोजा. काही मशीनवर त्यासाठी वेगळं बटण असतं, काहींवर तीन मेनूंच्या आत शिरावं लागतं. दिवसातून शंभर वेळा हेच काम करणाऱ्या माणसाला या एका बटणावरून मशीन आवडतं किंवा नावडतं होतं. हे ब्रोशरमध्ये कुणी ठळक छापत नाही.

मग झाकण उघडायला सांगा. ड्रम काढायला किती स्क्रू? फ्यूजर बाहेर यायला मागचं अख्खं कव्हर काढावं लागतं का? वेस्ट टोनरचा डबा पुढून निघतो का मशीन भिंतीपासून ओढावं लागतं? पिकअप रोलर नुसत्या खिट्टीने सुटतो का? स्वतःच्या हाताने काढून बघा, त्यांच्या इंजिनिअरला काढू देऊ नका. एका मशीनमध्ये रोलर बदलायला पाच मिनिटं लागतात आणि दुसऱ्यात चाळीस. तुमचा सर्व्हिसचा एकच मुलगा जतला गेला असेल तर या फरकाने त्याचा तिथला दुसरा कॉल त्याच दिवशी होतो किंवा होत नाही.

आणि ती काचेची पट्टी बघा. एडीएफमधून, म्हणजे वरच्या फीडरमधून, कागद जाताना खाली एक बोटभर रुंदीची काच असते. कागद तिच्यावरून सरकतो आणि तिच्याखालचा स्कॅनर तिथेच स्थिर राहून वाचतो. तिच्यावर व्हाइटनरचा एक वाळलेला ठिपका किंवा डिंकाचा कण बसला की प्रत्येक कॉपीवर वरपासून खालपर्यंत काळी रेघ येते. ग्राहक फोन करतो, ‘ड्रम गेला हो!’ ड्रम ठीक असतो. तोच कागद मोठ्या काचेवर ठेवून कॉपी काढली तर रेघ येत नाही, यावरून ओळखायचं. ओलसर मऊ कपडा फिरवला, कण नखाने अलगद सोडवला, की काम झालं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही तक्रार कायम वरच्या नंबरावर असते. म्हणून मी बघतो की ती पट्टी दुकानदाराला सहज दिसते का, तिथवर हात पोचतो का आणि रेघ ओळखून स्क्रीनवर सूचना देण्याची सोय मशीनमध्ये आहे का. ज्या मशीनमध्ये ती सहज पुसता येते ते मशीन विकताना मी दुकानदाराला दोन मिनिटांत पुसायला शिकवतो आणि महिन्याच्या कितीतरी फेऱ्या वाचतात.

पाचशे कागदांचा साधा ७० जीएसएमचा रीम सलग चालवा, दोन्ही बाजूंनी. पावसाळ्यात जमलं तर दोन दिवस उघडा पडलेला रीम घेऊन जा. दमट भागात विकणार असाल तर कॅसेट हीटर मिळतो का आणि वेगळे पैसे पडतात का, तेही विचारा. कागदाखालची ती छोटी हीटरपट्टी शिराळ्यासारख्या ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये फार उपयोगी पडते.

कुणाला काय विकणार

झेरॉक्सच्या दुकानांचं गाव असेल तर माझा कौल कॅननला. त्यांचं काम येणारे मेकॅनिक छोट्या गावातही सापडतात, भाग मिळतात आणि जुनं मशीन विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळतं. पतसंस्था, हॉस्पिटल, कारखाना अशा ठिकाणी भाड्याने किंवा एफएसएमएवर, म्हणजे टोनर आणि भागांसकट पूर्ण देखभालीच्या करारावर, मशीन ठेवणार असाल तर लांब चालणारे भाग ज्याचे तो ब्रँड घ्या. तिथे मी क्योसेराकडे आधी बघतो. रंगीत काम, डिझायनर, फ्लेक्सवाले, कॉलेजचं प्रॉस्पेक्टस असं गिऱ्हाईक तुमच्याकडे खरोखर असेल तर कोनिका मिनोल्टा, रिकोह, झेरॉक्स यांची रंगीत मशीनं शेजारी ठेवून एकाच फोटोवर बघा. चेहऱ्याचा रंग आणि लग्नपत्रिकेतला केशरी, दोन्ही. पण हा माझा कौल सांगलीचा आहे. तुमच्या जिल्ह्यात तोशिबाचा किंवा शार्पचा सर्व्हिस मॅनेजर चार हाकांवर राहत असेल आणि फोन उचलत असेल, तर तो ब्रँड माझ्या यादीच्या वर ठेवा.

सरकारी गिऱ्हाईक मोठं असेल तर जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलचा विचार आधी करा. कचेऱ्या, शाळा, जिल्हा परिषद यांची बरीच खरेदी तिथून होते आणि त्यासाठी कंपनीचं ऑथोरायझेशन लागतं. कंपनी ते तुमच्यासारख्या तालुक्याच्या डीलरला देते का, का पुण्या-मुंबईच्या मोठ्या पार्टनरला देऊन तुम्हाला फक्त बसवून द्यायचं काम देते? बसवून देण्याचे पैसे किती? मार्चअखेरीला शंभर मशीनं जिल्ह्यात आली आणि वॉरंटीचे सगळे कॉल तुमच्या गळ्यात पडले, असं होऊ नये म्हणून कॉलमागे मिळणारा दर लेखी घ्या. सरकारी बिल निघायला वेळ लागतो, तेवढं भांडवल अडकणार हेही धरून चला.

तुमचा खरा स्पर्धक मात्र बहुतेक वेळा दुसरी कंपनी नसते, परदेशातून आलेलं वापरलेलं मशीन असतं. कॅननची जुनी आयआर, झेरॉक्सची ५७५५ आणि ५८५५ ही दणकट मशीनं झेरॉक्स दुकानांत सर्रास दिसतात. नव्या साध्या मशीनपेक्षा ती वेगवान आणि दुकानदाराला परवडणारी. त्यांना नावं ठेवून गिऱ्हाईक वळत नाही. दिवसाला तीन हजार कॉपी काढणाऱ्या दुकानदाराला मिनिटाला २० पानं काढणारं नवं मशीन देऊच नका, ते त्याला पुरणार नाही आणि दोघांची नावं खराब होतील. ज्याला बिल, वॉरंटी, बँकेचं कर्ज आणि नेटवर्क प्रिंट-स्कॅन हवंय तो नव्या मशीनचा गिऱ्हाईक. तुम्हीही वापरलेली मशीनं विकणार असाल तर माल देणाऱ्याकडून आयातीची कागदपत्रं घ्या. जुन्या मल्टिफंक्शन मशीनच्या आयातीवर सरकारी परवानग्यांची बंधनं आहेत आणि कागद नसलेला माल उद्या तुमच्या गोडाऊनमध्ये सापडला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

सही करण्याआधी

करार मराठीत नसतो आणि लांबलचक असतो, तरी पूर्ण वाचा. एरिया एकट्याला दिलाय का, हे बघा. ‘नॉन-एक्स्क्लुझिव्ह’ लिहिलं असेल तर उद्या मिरजेत दुसरा डीलर नेमला तरी तक्रार करता येत नाही. तुम्ही तीन महिने खेटे घालून तयार केलेलं गिऱ्हाईक कोल्हापूरच्या डीलरने रेट पाडून नेऊ नये म्हणून त्याची आधी नोंद करायची सोय आहे का? टार्गेट मशीनच्या संख्येवर आहे का रकमेवर? चुकलं तर काय होतं? कंपनीने किंमत उतरवली तर तुमच्या दुकानात पडलेल्या मालाचा फरक मिळतो का? सिक्युरिटी म्हणून कोरे चेक मागतात. द्यायचेच असतील तर त्यांचे नंबर करारात लिहून घ्या.

स्कीमचे पैसे क्रेडिट नोटने येतात आणि ती उशिरा येते. म्हणून मी मार्जिन मोजताना फक्त बिलावरचा भाव धरतो. स्कीम सोडून परवडत असेल तरच मशीन विकायचं. जो डीलर स्कीम पकडून रेट देतो तो तिमाहीच्या शेवटी टार्गेटसाठी माल उचलतो, गोडाऊन भरतो आणि मग तोट्यात काढतो. अशी दुकानं बंद झालेली मी पाहिलीत, चांगली चालणारी दुकानं, कामाला वाघ असलेली माणसं.

पहिली दोन वर्षं एकच ब्रँड ठेवा. दोन ब्रँड म्हणजे दोन प्रकारचे टोनर, दोन प्रकारचे ड्रम, दोन ट्रेनिंग आणि स्पेअरमध्ये दुप्पट भांडवल. एका ब्रँडमध्येही मॉडेल दोनच निवडा, शक्यतो एकच टोनर आणि ड्रम लागणारी. बाकीची मागणीनुसार आणून द्या.

पहिल्या ऑर्डरमध्ये सगळा पैसा मशीनमध्ये घालू नका. एक मशीन दुकानात चालू ठेवा, तेच डेमोला आणि तेच अडीअडचणीला ग्राहकाकडे बदली म्हणून जाईल. त्याच्यासोबत टोनरचा एक बॉक्स, एक ड्रम, एक डेव्हलपर, एक फ्यूजर, पिकअप रोलरचे दोन-तीन सेट, एक वेस्ट टोनरचा डबा आणि एक पॉवर सप्लायचा बोर्ड मागवा, कारण गावाकडचं व्होल्टेज आधी त्यालाच उडवतं. कोटेशनमध्ये स्टॅबिलायझर आणि अर्थिंगची तपासणी पहिल्यापासून लिहा, ‘ऐच्छिक’ म्हणून नाही. मशीन बसवायला गेलात की प्लग लावण्याआधी मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघा. जास्त दिसलं तर मशीन खोक्यातच ठेवा आणि वायरमनला बोलावून घ्या.